ब्रिटनमधल्या वंशवादावर बोलताना रॅपर अकाला सतत इतिहासच का काढतात?

एक ओळ वाचून दाखवायची आणि समोरच्यांना विचारायचं, ही ओळ शेक्सपिअरची की एखाद्या रॅपरची? ब्रिटिश रॅपर अकाला यांनी २०११ मध्ये टेडेक्सच्या मंचावर हा खेळ खेळला, तेव्हा श्रोत्यांची उत्तरं पुन्हा पुन्हा चुकली. जी ओळ नाटकातली वाटली ती रॅपमधली निघाली. कधी याच्या उलटही झालं.

खेळ गमतीचा असला तरी त्यामागचा प्रश्न गंभीर होता. कुठलं ज्ञान ‘उच्च’ आणि कुठलं ‘रस्त्यावरचं’, हे आपण शब्द ऐकून ठरवतो की बोलणाऱ्याचा चेहरा बघून?

वंशवाद म्हणजे फक्त कुणीतरी कुणालातरी दिलेली शिवी नव्हे, असं अकाला अनेक वर्षं सांगत आहेत. देशाने स्वतःचा इतिहास अर्धवट शिकवला की त्या अर्धवट माहितीवर शाळा, पोलीस आणि सरकार निर्णय घेतात, हा त्यांचा मुद्दा. ‘रॅपरने इतिहास शिकवू नये’ असं कुणी म्हणू शकतं. पण ब्रिटिश सरकारसाठी तयार झालेल्या अहवालांनीही पुढे जवळपास हेच सांगितलं. ते कसं, ते समजून घेऊ.

कोण आहेत अकाला?

अकाला यांचं खरं नाव किंग्सली डेली. त्यांचा जन्म १९८३ चा. आई गोरी, वडील जमैकन वंशाचे. लहानपण उत्तर लंडनच्या कॅम्डन भागात, बेताच्या परिस्थितीत गेलं. ‘अकाला’ हे नाव त्यांनी बौद्ध परंपरेतून घेतलं आहे. मूळ संस्कृत शब्द आपल्या ओळखीचा आहे: अचल, म्हणजे न हलणारा.

त्यांची मोठी बहीण मिस डायनामाइट हीसुद्धा नामवंत गायिका. तिला २००२ मध्ये मर्क्युरी पुरस्कार मिळाला. अकाला यांना २००६ मध्ये ब्रिटनमधल्या ‘मोबो’ पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिप-हॉप कलाकाराचा मान मिळाला. २००९ मध्ये त्यांनी ‘हिप-हॉप शेक्सपिअर कंपनी’ सुरू केली. शेक्सपिअरच्या भाषेची लय आणि रॅपची लय शेजारी ठेवून तरुणांना दोन्हींकडे नव्याने बघायला लावणं, हे तिचं काम.

मे २०१८ मध्ये त्यांचं ‘नेटिव्ह्ज’ हे पुस्तक आलं. त्यात आत्मकथन आहे आणि साम्राज्याचा इतिहासही आहे. त्यानंतर वंश, वर्ग आणि साम्राज्य या विषयांवरच्या टीव्ही चर्चांमधला त्यांचा वावर आणखी वाढला.

शाळेत नेमकं काय घडलं होतं?

‘नेटिव्ह्ज’मध्ये अकाला लिहितात की, वाचनात पुढे असूनही लहानपणी त्यांना शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या गटात बसवलं गेलं. ही एका शिक्षकाची चूक म्हणून सोडून देता येईल का?

१९७१ चं एक छोटं पुस्तक या प्रश्नाचं उत्तर देतं. ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी त्यात दाखवलं की, कॅरिबियन कुटुंबांतली मुलं ‘बुद्धीने कमी’ ठरवून मोठ्या प्रमाणावर वेगळ्या शाळांमध्ये पाठवली जात होती. मुलांची बोली, त्यांचं स्थलांतर आणि शिक्षकांच्या अपेक्षा यांचा विचार न करता चाचण्या घेतल्या जात होत्या.

यावर कॅरिबियन पालकांनी स्वतःच उपाय शोधला. सुट्टीच्या दिवशी, वस्तीतल्या हॉलमध्ये किंवा चर्चमध्ये, स्वयंसेवकांनी चालवलेल्या ‘शनिवारच्या शाळा’ उभ्या राहिल्या. तिथे गणित-भाषेबरोबर आफ्रिका आणि कॅरिबियनचा इतिहासही शिकवला जाई. अकाला अशाच एका शाळेत जात. आठवड्याचे पाच दिवस एक इतिहास आणि शनिवारी दुसरा, असं त्यांचं शिक्षण झालं. या दोन इतिहासांमधली फट हा पुढे त्यांच्या गाण्यांचा आणि भाषणांचा विषय बनला.

दोन इतिहासांमध्ये फरक काय?

गुलामगिरीचंच उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी गोष्ट अशी: खासदार विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा दिला, १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला आणि १८३३ मध्ये गुलामगिरी संपवणारा कायदा आला.

यातला एकही तपशील खोटा नाही, पण बरंच काही गाळलेलं आहे. ब्रिटिश जहाजांनी तोपर्यंत ३० लाखांहून जास्त आफ्रिकन माणसं अटलांटिकपार नेली होती. हैतीमधल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतःचं राष्ट्र उभं केलं. त्या लढ्यात त्यांनी ब्रिटिश फौजेलाही माघार घ्यायला लावली होती. म्हणजे स्वातंत्र्य फक्त लंडनहून ‘देण्यात’ आलं नव्हतं.

१८३३ च्या कायद्यासोबत सरकारने २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या ही जवळपास ४० टक्के रक्कम होती. ती मिळाली मालकांना, त्यांची ‘मालमत्ता’ गेली म्हणून. ज्यांना राबवलं गेलं त्यांना काहीच मिळालं नाही. उलट, त्यातल्या बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत जुन्या मालकांकडेच काम करावं लागलं.

या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड झाली २०१५ मध्ये. ब्रिटिश अर्थ मंत्रालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हे ट्विटरवर अभिमानाने सांगितलं: तुमच्या करातून गुलामगिरी संपली, असा त्याचा सूर होता. टीका झाल्यावर ते ट्वीट काढून टाकलं गेलं. गुलामांच्या वंशजांनी भरलेला करही मालकांच्या भरपाईचं कर्ज फेडण्यात गेला होता, हे त्यात कुठेच नव्हतं.

अकाला ‘अर्धवट इतिहास’ म्हणतात तो हाच.

चाकूहल्ल्यांचा आणि इतिहासाचा काय संबंध?

लंडनमध्ये तरुणांवरचे चाकूहल्ले वाढले की टीव्हीवर एक ठरलेला शब्दप्रयोग येतो: ‘काळ्यांनी काळ्यांवर केलेले गुन्हे’. यावर अकाला यांचा प्रश्न साधा आहे. उत्तर आयर्लंडमधल्या किंवा ग्लासगोमधल्या हिंसेला ‘गोऱ्यांनी गोऱ्यांवर केलेले गुन्हे’ असं कुणी का म्हणत नाही?

ग्लासगो हे स्कॉटलंडमधलं शहर. तिथली चाकूबाज टोळ्यांमधली बहुसंख्य मुलं गोरी होती. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी खास विभाग सुरू केला आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली. अटक होत राहिली. पण त्यासोबत टोळ्या सोडणाऱ्यांना काम, डॉक्टर आणि शिक्षकांची मदत आणि शाळेतून मुलं बाहेर फेकली जाऊ नयेत यासाठी प्रयत्न, हेही सुरू झालं. पुढच्या दशकभरात स्कॉटलंडमधल्या खुनांची वार्षिक संख्या निम्म्यावर आली.

अकाला यांनी किशोरवयात ही हिंसा जवळून पाहिली आहे. ते तिचं समर्थन करत नाहीत. कारण चुकीचं धरलं तर उपायही चुकेल, असं ते सांगतात. दोष रंगात शोधला तर हाती फक्त पोलिसी झडती उरते. गरिबी, शाळेतून काढलं जाणं आणि घरातली मारहाण ही कारणं धरली, तर ग्लासगोसारखं काहीतरी करता येतं.

सरकारी अहवाल काय म्हणतात?

इतिहास माहीत नसण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे ‘विंडरश’ प्रकरणात दिसलं.

जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन प्रवाशांना घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं. वसाहतींमधून येणारे हे लोक परदेशी नव्हते, ब्रिटिश प्रजाजन होते. त्यांना इथे येण्याचा आणि राहण्याचा हक्क होता. म्हणून अनेकांनी, विशेषतः आईवडिलांसोबत आलेल्या मुलांनी, वेगळी कागदपत्रं कधी काढलीच नाहीत.

२०१२ नंतर बेकायदा स्थलांतरितांना देशात राहणं कठीण व्हावं म्हणून नियम कडक झाले. नोकरी, भाड्याचं घर, उपचार, सगळीकडे पुरावा मागितला जाऊ लागला. पन्नास वर्षं कर भरलेल्या माणसांना ‘तुम्ही इथले कशावरून?’ असं विचारलं गेलं. त्यांच्यातल्या अनेकांच्या आगमनाची नोंद असलेली कार्डं गृह मंत्रालयानेच २०१० मध्ये नष्ट केली होती. कुणाची नोकरी गेली, कुणाचं घर. किमान ८३ जणांना देशाबाहेर काढलं गेलं. एप्रिल २०१८ च्या अखेरीस गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. ‘नेटिव्ह्ज’ बाजारात आलं ते यानंतर काही आठवड्यांतच.

मार्च २०२० मध्ये वेंडी विल्यम्स यांचा स्वतंत्र अहवाल आला. वंश आणि विंडरश पिढीचा इतिहास याबाबत गृह मंत्रालयात अज्ञान आणि बेफिकिरी असल्याचं त्यात म्हटलं होतं. मंत्रालयातल्या सर्व कर्मचाऱ्यांना ब्रिटनच्या वसाहतींचा आणि स्थलांतराचा इतिहास शिकवा, अशी शिफारसही त्यात होती.

मग मंत्रालयाने एका इतिहासकाराकडून या प्रकरणाच्या मुळांवर अभ्यास करून घेतला, पण तो प्रसिद्ध करायला नकार दिला. लवादाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये तो बाहेर आला. १९५० ते १९८१ या काळातले स्थलांतराचे कायदे, निदान काही प्रमाणात, देशातल्या कृष्णवर्णीय आणि सावळ्या लोकांची संख्या कमी ठेवण्यासाठीच केले गेले होते, असा त्याचा निष्कर्ष होता.

अकाला यांच्यावर टीका काय होते?

या मांडणीला विरोधही आहे आणि तो सगळाच उडवून लावण्यासारखा नाही. ब्रिटनच्या गुन्ह्यांची यादी वाचताना त्याचं श्रेय विसरलं जातं, असा एक आक्षेप आहे. व्यापारबंदीनंतर ब्रिटिश नौदलाने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालून गुलामांना नेणारी जहाजं पकडली आणि सुमारे दीड लाख लोकांची सुटका केली, हे खरं आहे.

दुसरा आक्षेप आजच्या ब्रिटनबद्दलचा आहे. टोनी सिवेल यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी आयोगाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं की, व्यवस्था आता अल्पसंख्याकांविरुद्ध मुद्दाम झुकवलेली दिसत नाही. कुटुंब, वर्ग आणि कोणत्या भागात राहता यांचा परिणाम अनेकदा जास्त असतो. या अहवालावर जोरदार टीकाही झाली. पण वर्गाचा मुद्दा अकाला नाकारत नाहीत. त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच वंश आणि वर्ग हे दोन्ही शब्द आहेत. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ जणांचा जीव गेला, तेव्हाही ते टीव्हीवर बोलले होते ते रहिवाशांच्या गरिबीबद्दल.

मराठी वाचकांशी याचा धागा कुठे जुळतो?

महाराष्ट्रात हा संवाद जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडच्या त्यांच्या निवेदनाची माहिती मागवली. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, तिने नाव घेतलं अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून.

पण जात आणि वंश एकच नाहीत, हे आंबेडकरांनीच ठामपणे मांडलं होतं. म्हणून अकाला यांचं म्हणणं जसंच्या तसं इथे चिकटवता येणार नाही. उपयोगी पडते ती त्यांची पद्धत: एखाद्या समाजाबद्दलचं ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ विधान ऐकलं की ते कधी, कुणी आणि कशासाठी रूढ केलं, हे तपासायचं.

आता पुढे काय?

२०२० मध्ये ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा आंदोलकांनी पाडून बंदरात ढकलला. त्याच वर्षी वसाहतींचा इतिहास शाळांमध्ये सक्तीचा करावा, या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर अडीच लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. वेल्सने २०२२ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याकांचा इतिहास सक्तीचा केला. इंग्लंडने मात्र तेव्हा तशी सक्ती करायला नकार दिला. शाळांना हा विषय शिकवण्याची मुभा आहेच, असं सरकारचं उत्तर होतं.

मुभा असली की काही शाळा शिकवणार, काही नाही. त्याच शाळांमधून शिकलेली मुलं उद्या पोलिसांत, शिक्षण खात्यात आणि गृह मंत्रालयात बसतील. समोर आलेल्या वृद्ध माणसाकडे कागद नाहीत, म्हणजे तो घुसखोर, की तो आला तेव्हा त्याला कागदाची गरजच नव्हती? याचं उत्तर त्या अधिकाऱ्याला ठाऊक आहे की नाही, यावर त्या माणसाचं घर टिकेल की जाईल हे ठरतं.