आधी पगार सांगा, मग लिहा!

विकिपीडियावरच्या झाकलेल्या हातांविषयी गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकांना जाहीर आवाहन



तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या आपल्याला लांबून दिसतात. ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॅट. पाणी आपल्या वैनगंगेचं. पण मुंबई-दिल्लीच्या माणसाला या प्रकल्पाची आणि तो चालवणाऱ्या अदानी समूहाची ओळख कोण करून देतं? चिमणीखाली राहणारा नाही. मोबाईलमधलं विकिपीडियाचं एक पान करून देतं. शाळेतली पोरं वहीत तेच उतरवतात, बातमीदार पार्श्वभूमी तिथूनच उचलतात, आणि प्रश्नाला चुटकीसरशी उत्तर देणारी नवी यंत्रंही ती पानं वाचून शिकली आहेत. म्हणून विचारणं भाग आहे : ते पान लिहितं कोण?

नियम म्हणतो, कोणीही. आम्हाला तो नियम आवडतो. इंग्रजी विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, मराठी २००३ साली, आणि दोन्ही फुकट राबणाऱ्या माणसांनी उभे केले. पण ‘कोणीही’मध्ये पगारी माणूसही येतो, आणि तो पगाराचं सांगत नाही.

ऐका. विकिपीडियाच्या संपादकांचंच ‘द साइनपोस्ट’ नावाचं एक वार्तापत्र आहे. त्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये छापलं की, अदानी कुटुंब आणि त्यांच्या उद्योगांवरचे नऊ लेख ४० हून अधिक खात्यांनी लिहिले किंवा बदलले. ही खाती बनावट किंवा पैसे घेऊन ते लपवणारी ठरून पुढे बंद झाली. अनेकांनी लेखांत स्तुती भरली होती. एकाने तर कंपनीच्याच इंटरनेट पत्त्यावरून अख्खा लेख नव्याने लिहिला, असंही त्यात आहे. कोणाच्या सांगण्यावरून काय झालं याचा निवाडा आम्ही करत नाही. पण स्तुती करणाऱ्याला बुरखा लागतोच कशाला, एवढं विचारायचा हक्क तिरोड्याच्या माणसाला आहे.

दुसरी गोष्ट आपल्या पोरांच्या पैशाची. आयआयपीएम नावाच्या व्यवस्थापन संस्थेच्या पानपानभर जाहिराती आठवत असतील. पदवी देण्याचा अधिकार या संस्थेला नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोग सांगत होता. विकिपीडियावर मात्र ‘वायफायवन’ या टोपणनावाचा एकजण संस्थेच्या पानावर वर्षानुवर्षं पहारा देत बसला. अडचणीचं खोडायचं, सोयीचं ठेवायचं. आणि हा साधा संपादक नव्हता, तिथला प्रशासक होता! फेब्रुवारी २०१५ मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीने त्याला हाकललं. तोवर ते पान वाचून ज्यांनी फी भरली, त्यांची फी कोण परत करणार?

तांदूळ गिरणीवाल्या शेठजींनो, तुम्हीही सावध राहा. २०१५ सालीच इंग्रजी विकिपीडियाने एका टोळीची ३८१ खाती बंद केली. धंदेवाल्यांचे नाकारलेले लेख ही टोळी हेरायची, पैसे घेऊन चढवायची, आणि मग ते टिकवायचेही पैसे मागायची. उद्या कोणी ‘तुमच्या फर्मचं पान बनवून देतो’ म्हणत दुकानात आला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता खरी मेख. लबाडी अजिबात झाली नाही, तरी पारडं झुकलेलंच असतं. विकिपीडियाला कुठेतरी प्रसिद्ध झालेला पुरावा लागतो. ‘आमचा बाप सांगून गेला’ याला तिथे किंमत नाही, आणि नसावी हेही बरोबर. पण कंपनीची प्रेसनोट सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी बातमी होऊन छापून येते. झाला पुरावा! जमीन कोणाची गेली, राख कुठे पडते, गावातल्या किती जणांना काम लागलं, हे मात्र आपल्या तोंडी राहतं आणि तोंडातच विरतं.

काही जण म्हणतील, मग सगळ्यांनाच खरं नाव लावायला सांगा. नाही! दुबळ्याचं टोपणनाव ही ढाल असते, पगारी माणसाचं टोपणनाव हा बुरखा असतो. जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने विकिपीडियावरच्या आपल्याविषयीच्या मजकुराबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींचा दावा लावला, आणि लिहिणाऱ्यांची ओळख उघड करण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. दोन कोटींचा आकडा ऐकून अर्जुनी मोरगावच्या मास्तराने काय लिहावं? नाव कोणाचंच नको. फक्त पैसे घेणाऱ्याने पैसे देणाऱ्याचं नाव सांगावं.

हा जिल्हा तलावांचा. मामा (माजी मालगुजारी) तलाव कसे गाळाने भरले, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘सगळ्यांचा’ तलाव बघता बघता कोणाचाच राहिला नाही. पाळीवर कोणी फिरकेना, तिथे अतिक्रमण झालं. विकिपीडिया हाही तसाच सामाईक तलाव आहे. पाळीवर आपण नसलो, तर रात्री दुसरा कोणीतरी असणारच.

म्हणून आमचं मागणं :

१. कंपन्या, संस्था आणि पुढाऱ्यांच्या कार्यालयांनी आपल्याबद्दलच्या पानाला परस्पर हात लावू नये. चूक दिसली तर ‘चर्चा’ पानावर उघड सांगावी. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने मालक, ग्राहक आणि संबंध जाहीर करावा, ही अट विकिपीडियाने २०१४ पासून घातलेलीच आहे. ती पाळा.

२. शिक्षकांनो, पोरांना पान उतरवू देण्याआधी ‘इतिहास पहा’ दाबायला शिकवा. कोणत्या खात्याने कधी काय खोडलं, ते तिथे ओळीने दिसतं.

३. जिल्ह्यातल्या संपादकांनो, प्रेसनोट ही प्रेसनोट म्हणूनच छापा. जनसुनावणीत लोक काय बोलले, तेही नावनिशीवार छापा. तोच उद्याचा पुरावा आहे.

४. आणि आपण सगळ्यांनी. आपल्या जातीचा, पक्षाचा, गावचा माणूस असला, तरी त्याच्या पानावर चोरून गुलाल उधळायचा नाही. कंपनीला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, असं चालणार नाही.

वाचा, वाद घाला, झेरॉक्स काढून पुढच्या गावाला द्या.

— जिल्ह्यातले काही वाचक

जाहीर खुलासा : हे पत्रक वर्गणीतून छापलं आहे. कोणत्याही कंपनीचा, पक्षाचा किंवा संस्थेचा पैसा यात नाही. आमच्यातले दोघे विकिपीडियावर लिहितात, त्याचे पैसे घेत नाहीत.