वीट देखणी, थापणारा कर्जात

जुन्या पेठेत नवी इमारत बांधताना काच आणि टाइल्स टाळा, उघड्या विटेचे काम करा, असे वास्तुरचनाकार सांगतात. सल्ला चांगला आहे. शनिवारवाड्याच्या तटात खाली दगड आणि वर वीटच आहे. तारापूरच्या किल्ल्यालगतच्या गावातही वीट शोभून दिसेल.

पण या कौतुकात कारागीर म्हणजे फक्त गवंडी. वीट थापणारा कुठे आहे? पालघर-ठाणे पट्ट्यात हे काम मोठ्या प्रमाणावर कातकरी कुटुंबे करतात. हातात पैसा नसताना भट्टीमालकाकडून बयाना घ्यायचा, दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर जायचे, आठवड्याच्या खावटीवर जगायचे. हिशेब पावसाच्या तोंडावर. त्यात कर्ज उरले की पुढचा हंगामही त्याच मालकाचा. मधल्या काळात मुलांची शाळा सुटते ती सुटतेच.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. तरी त्याच जिल्ह्यात मजुरी बयान्यात वळती होते, आणि आपण भिंतीच्या रंगावर चर्चा करतो!

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग घरासाठी, मशिदीसाठी वीट घेताना फक्त भाव का विचारतो? हजार विटांमागे थापणाऱ्याला किती मिळाले, हिशेब लेखी आहे का, हेही विचारा. उत्तर मिळत नसेल, तर त्या भट्टीची वीट घेऊ नका.