कोथिंबीर ती, धने ते

हल्ली मराठी पाककृतींच्या व्हिडिओंत ‘वरून थोडा धनिया घालूया’ असं सर्रास ऐकू येतं. परका शब्द आला म्हणून कपाळाला आठ्या घालायचं कारण नाही. पोर्तुगीजांचे बटाटा आणि पाव आपण कधीच घरचे करून टाकले. तक्रार वेगळी आहे. या ‘धनिया’पायी मराठीने जपलेला एक कामाचा फरक पुसला जातोय.

कोथिंबीर हे नाव संस्कृत ‘कुस्तुम्बुरु’च्या गोतावळ्यातलं. या शब्दासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत एक अख्खं सूत्र (६.१.१४३) खर्ची घातलं आहे. ‘कु’ म्हणजे वाईट. म्हणून तुंबुरूची वाईट फळं ती ‘कुतुम्बुरु’. मध्ये ‘स’ शिरला की मात्र ते एका वनस्पतीचं नाव होतं, म्हणजे आपल्या कोथिंबिरीचं. एका अक्षरावरून टाकाऊ फळ आणि कामाची वनस्पती वेगळी होते, याची दखल त्या काटेकोर माणसाने घेतली.

अर्थात व्याकरणातली ही फोड म्हणजे शब्दाची जन्मकथा असेलच असं नाही. प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत याच वनस्पतीला ‘किसिबिर्रू’ म्हणत, अरबीत ती आजही ‘कुझबरा’ आहे. इकडे कन्नडमध्ये कोत्तंबरी, तेलुगूत कोत्तिमीर, गुजरातीत कोथमीर. वाळलेला दाणा हलका आणि टिकाऊ. व्यापाऱ्याच्या पोतडीतून तो नावासकट दूरवर जाऊ शकतो. तेव्हा कोथिंबीर ‘आपली’ आणि धनिया ‘त्यांचा’, असा वाद घालण्यात हशील नाही.

धन्यांचं घराणं मात्र निराळं. संस्कृत ‘धान्यक’, ‘धान्याक’ यांवरून हिंदीत धनिया आला आणि मराठीत धने. त्या नावात पाला नाही, दाणाच आहे. हिंदीने तेच नाव पानांनाही दिलं आणि गरज पडेल तिथे ‘हरा’ किंवा ‘पत्ती’ जोडून भागवलं. मराठीने आणि गुजरातीने दोन्ही नावं ठेवली आणि कामं वाटून दिली. अमेरिकेतल्या इंग्रजीतही अशीच वाटणी आहे: पानं ती स्पॅनिशमधून आलेली ‘सिलँट्रो’, दाणे ते ‘कोरिएंडर’.

ही वाटणी उगाच झालेली नाही. शेतकरी धने रगडून, त्यांचे दोन फाळके करून पेरतो आणि साधारण दीड महिन्यात कोथिंबीर उपटतो. बाजारात कोथिंबीर जुडीने विकली जाते, धने वजनावर. कोथिंबीर आमटी उतरवताना पडते, धने आधी भाजले जातात. चवही एकीची दुसऱ्याला नाही. व्याकरणसुद्धा दोघांना वेगळं ठेवतं: ती कोथिंबीर, ते धने. अशा वेळी ‘दोन चमचे धनिया’ वाचून नवशिक्याने पूड घ्यायची की पाला चिरायचा?

मला शुद्धतेचा आग्रह नाही, नेमकेपणाचा आहे. मराठी ग्राहकासाठी पाकीट छापणाऱ्यांनी पूड असेल तर ‘धने पूड’ आणि पाला असेल तर ‘कोथिंबीर’ छापावं. पाककृती सांगणाऱ्यांनीही तेच करावं. दोन वस्तूंना दोन नावं असणं ही भाषेची श्रीमंती आहे, आणि ती वापरायला पैसे पडत नाहीत.