तक्रार नोंदवायची कोणत्या दारी?
मुक्त सॉफ्टवेअरच्या नोंदवह्या बदलताना शेवटच्या वापरकर्त्याचा विचार होतो का?

वडसा (देसाईगंज) : ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द गडचिरोली जिल्ह्यातील सरकारी कागदांवर हमखास आढळतो. त्यातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर मराठीचे खास वैशिष्ट्य. हिंदीला त्याची गरज भासत नाही. संगणकाच्या फॉन्टमध्ये त्याची सोय नीट केलेली नसेल, तर आडवा र नाहीसा होऊन रफार येतो किंवा पाय मोडलेला र बाजूला पडतो. वडसा येथील एखाद्या सेवा केंद्रावर अर्ज भरताना असा दोष दिसला, तर तो सांगायचा कोणाला? सातबाऱ्यावर नाव चुकले तर तलाठी गाठता येतो. विनामूल्य मिळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरला तलाठी नसतो. त्याच्याकडे असते ती एक नोंदवही. तिला संगणकाच्या व्यवसायात ‘इश्यू ट्रॅकर’ म्हणतात.

आवक-जावक रजिस्टरचीच ही संगणकीय आवृत्ती. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, ती कोणाकडे सोपवली आणि कधी निकाली निघाली याची नोंद राहते. फरक इतकाच, की हे रजिस्टर जगात कोणालाही वाचता येते. डेबियन या प्रकल्पाने १९९४ मध्ये ई-मेलवर चालणारी अशी यंत्रणा उभारली. मोझिलासाठी टेरी वाइसमन यांनी १९९८ मध्ये ‘बगझिला’ तयार केले आणि पुढे अनेक प्रकल्पांनी तेच स्वीकारले. आज गिटहब, गिटलॅब, जिरा, फोर्जेजो असे पर्याय समोर असताना निवड कोणत्या निकषावर करायची, हा वाद नव्याने पेटला आहे. वाद तांत्रिक भासतो. प्रत्यक्षात तो मालकीचा आणि प्रवेशाचा आहे.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण ‘लोहित’ फॉन्टचे. रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली खुल्या केलेल्या या भारतीय लिप्यांच्या फॉन्टमालिकेची देखभाल कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी अनेक वर्षे केली. तिच्या तक्रारी ‘फेडोरा होस्टेड’ या संकेतस्थळावर ‘ट्रॅक’ नावाच्या प्रणालीत नोंदवल्या जात. ते संकेतस्थळ फेब्रुवारी २०१७ अखेर बंद झाले आणि लोहितचे बिऱ्हाड ‘पॅग्युर’वर गेले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये फेडोराने पॅग्युर सोडून फोर्जेजोकडे जाण्याचे ठरवले. दहा वर्षेही न होता दुसरे स्थलांतर! शिवाय फेडोराच्या वितरणातील पॅकेजबद्दलची तक्रार असेल, तर ती रेड हॅटच्या बगझिलात द्यायची. एकाच अक्षराच्या दोषासाठी दोन दरवाजे, आणि दोन्हींवर पाट्या इंग्रजीत.

अर्थात पॅग्युरमध्ये एक शहाणपण होते. प्रत्येक प्रकल्पाच्या तक्रारी वेगळ्या गिट भांडारात साठवल्या जात. त्यामुळे घर सोडताना दप्तर बरोबर नेता येई. निवड करताना हाच निकष सर्वांत आधी तपासला जावा, असे आजवरचा अनुभव सांगतो. गुगलने ‘गुगल कोड’ जानेवारी २०१६ मध्ये गुंडाळले. जिरा बनवणाऱ्या ॲटलासियनने स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याच्या आवृत्तीचा आधार फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवला, आणि डेटा सेंटर आवृत्तीही २०२९ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले आहे. मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या गिटहबने जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमियातील वापरकर्त्यांच्या खासगी भांडारांवर बंधने आणली. सार्वजनिक भांडारे खुली राहिली, इराणपुरती परवानगीही जानेवारी २०२१ मध्ये मिळाली. तरीही नोंदवहीची किल्ली परदेशी कायद्याच्या हाती असल्याचे त्या काळात दिसून आले.

मग सर्वांनी गिटहब सोडावे काय? उत्तर तितके सरळ नाही. पायथॉनने आपली जुनी ‘राउंडअप’ नोंदवही एप्रिल २०२२ मध्ये गिटहबवर नेली; एलएलव्हीएमने त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, बगझिला सोडले होते. जेथे हजारो प्रोग्रामरांची खाती आधीच आहेत, तेथे तक्रारी येतात आणि दुरुस्त करणारेही भेटतात. उलट, झिग या भाषेच्या प्रकल्पाने नोव्हेंबर २०२५ मध्ये गिटहब सोडून कोडबर्गचा रस्ता धरला. स्वतःचा सर्व्हर चालवायचा तर सुरक्षा, जाहिरातबाज कचरा आणि मध्यरात्री बंद पडणारे यंत्र हे सारे स्वयंसेवकांच्या माथी येते. छोट्या प्रकल्पाला हा भार पेलत नाही, हे मान्य करावेच लागेल.

विकिमीडियाचा मार्ग या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. मराठी विकिपीडियासह साऱ्या विकींच्या तांत्रिक तक्रारी नोव्हेंबर २०१४ मध्ये बगझिलातून ‘फॅब्रिकेटर’मध्ये आल्या. जुना दुवा हरवू नये म्हणून युक्ती साधी होती : जुन्या क्रमांकात २००० मिळवले की नवा क्रमांक मिळतो. विकीवरील खात्यानेच येथे प्रवेश मिळू लागला. वेगळी नोंदणी नको, आणि बगझिलाप्रमाणे ई-मेल पत्ताही उघडा पडत नाही. पुढे २०२१ मध्ये फॅब्रिकेटरच्या निर्मात्यांनी काम थांबवले. परंतु सॉफ्टवेअर मुक्त असल्याने स्वयंसेवकांनी ‘फोर्ज’ नावाने ते पुढे चालू ठेवले आणि विकिमीडियाला दप्तर हलवावे लागले नाही. गुगल कोडवरील प्रकल्पांना ही सोय नव्हती.

प्रश्न उरतो तो वडसा येथील वापरकर्त्याचा. झाडीपट्टीच्या नाटकांचे बुकिंग करणारा गावकरी हंगामात येथील कार्यालयात येतो आणि काही बिनसले तर त्याच पायरीवर, आपल्याच बोलीत ऐकवून जातो. इश्यू ट्रॅकरकडे अशी पायरी नाही. गिटहब, जिरा किंवा बगझिला यांची निवड करताना प्रोग्रामरांची सोय पाहिली जाते. तक्रारदाराला खाते उघडावे लागेल का, मराठीत लिहिलेली तक्रार कोणी वाचेल का, हे क्वचितच विचारले जाते. या कसोटीवर डेबियनची तीस वर्षांहून जुनी पद्धत अजून पुढे आहे : खाते नको, साधे ई-मेल पाठवले की क्रमांक मिळतो. दिसायला ती ओबडधोबड आहे, हे खरे.

तक्रार पोहोचली तरी ती कामाची ठरण्यासाठी काय लागते, हेही सांगणारा कोणी नाही. ‘ऱ्य’मधील आडवा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, किंवा साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फॉन्टकर्त्याने एक रीत सांभाळली आणि दुसरी विसरली, तर एका कळफलकावर शब्द नीट उमटतो आणि दुसऱ्यावर मोडतो. अशा वेळी मोबाईलवरून काढलेला पडद्याचा फोटो पुरेसा होत नाही. मोडलेला शब्द जसाच्या तसा कॉपी करून, कोणत्या कळफलकावर, कोणत्या फॉन्टमध्ये आणि सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत तो लिहिला, हे त्यासोबत द्यावे लागते. बहुतेक ट्रॅकरांत अशी माहिती मागणारा तयार नमुना ठेवता येतो. तो मराठीत करायला नवा सर्व्हर लागत नाही, एका स्वयंसेवकाची एक दुपार पुरते.