तारतम्य : दारावरच्या दोन तारा

बॅटरीवर चालणारी, कॅमेरा असलेली स्मार्ट डोअरबेल घराच्या जुन्या घंटीच्या तारांना जोडली की बॅटरी काढून चार्ज करण्याचे काम कायमचे संपते, ही अमेरिकेत रूढ झालेली समजूत अपुरी आहे. तेथील घरांत या तारा रोहित्रापासून, म्हणजे विजेचा दाब उतरवणाऱ्या लहानशा ट्रान्सफॉर्मरपासून, निघतात. घरातला १२० व्होल्टचा दाब तो बहुधा १६ व्होल्टवर आणतो, आणि जुन्या घरांत त्याची क्षमता अनेकदा अवघी १० व्होल्ट-अँपिअर असते. म्हणजे त्याच्यावर ०.६२ अँपिअरहून अधिक धारेचा भार सतत टाकता येत नाही.

रोहित्र, घरातली घंटी आणि दारावरचे बटन एकापुढे एक, एकाच मंडलात जोडलेले असतात. बटन दाबले की घंटीतल्या तारेच्या वेटोळ्यात चुंबकत्व येते, आतला लोखंडी दांडा ओढला जाऊन एका पट्टीवर आपटतो तो ‘डिंग’, आणि बटन सोडल्यावर स्प्रिंग त्याला दुसऱ्या पट्टीवर ढकलते तो ‘डाँग’. साध्या बटनाला स्वतःसाठी वीज लागत नव्हती. त्याच्या जागी आलेल्या डोअरबेलला मात्र याच वेटोळ्यातून अहोरात्र थोडी थोडी धारा ओढून बॅटरी भरावी लागते, आणि ती धारा इतकी अल्प ठेवावी लागते की दांडा जागचा हलू नये. ती मर्यादा सुटली तर कोणी दारात नसतानाही घंटी गुणगुणू लागते. वर्दळीच्या रस्त्यावरच्या दारात कॅमेरा वारंवार जागा होत असेल, तर तारा जोडूनही बॅटरी उतरत जाते, कारण भरण्यापेक्षा खर्च मोठा असतो. शिवाय लिथियम-आयन बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली सुरक्षितपणे भरता येत नसल्याने ऐन थंडीत भरणा थांबतो. घंटी वाजवण्यासाठी डोअरबेल आपल्याच दोन तारा क्षणभर आतून एकमेकींना जोडते, त्या क्षणी तिला बाहेरून काहीच मिळत नाही आणि कॅमेरा बॅटरीवरच तगतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

याच कारणाने जुनी घंटी काढून टाकणे धोक्याचे ठरते. वेटोळे नसेल, तर तारा जुळताच रोहित्राची दोन टोके थेट एकमेकांना भिडतात. म्हणून काही मॉडेलांसाठी मंडलात २५ ओहमचा, ५० वॅटचा रोधक, म्हणजे धारेला आवर घालणारा भाग, बसवण्याची सूचना असते. १६ व्होल्टला हा रोधक ०.६४ अँपिअर जाऊ देतो, रोहित्राच्या क्षमतेच्या जवळपास तेवढीच धारा, आणि त्या वेळी त्यात सुमारे १० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीतला पाव वॅटचा इवलासा रोधक येथे जळून जाईल. ‘काही मिनिटांत बसवा’ असे जाहिरातीत सांगणाऱ्यांनी रोहित्रावरचे आकडे आधी वाचण्यास सांगणे हे त्यांचे कर्तव्यच आहे.

अमेरिकेतून मुले किंवा नातेवाईक ही उपकरणे महाराष्ट्रात आणतात, तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होतो. येथील नेहमीची बेल थेट २३० व्होल्टवर चालते, तिच्या मंडलात रोहित्र नसते, आणि दाराबाहेरच्या बेलच्या स्विचमध्ये प्रत्यक्ष फेज आलेला असतो. दिसायला तारा तशाच दोन. परंतु ८ ते २४ व्होल्टसाठी घडवलेले उपकरण त्यांना जोडले तर ते जळेल, आणि पावसाने ओल धरलेल्या भिंतीवर उघड्या स्क्रूला लागलेला हात त्याहून मोठी किंमत देईल. ही सूचना खोक्यावर ठळक मराठीत छापणे विक्रेत्यांवर बंधनकारक असावे. तारांचीच जोडणी हवी असेल, तर वायरमनने मेन स्विच बंद करून, फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळतात अशा जागी घंटीसाठीचे, दोन्ही बाजू विलग राखणारे रोहित्र बसवावे, दारापर्यंत नव्या स्वतंत्र तारा न्याव्यात आणि स्विचकडे येणारा जुना फेज मुळातून तोडावा. २३० व्होल्टची जुनी बेल मग या मंडलात वाजणार नाही. तिच्या जागी घरात बिनतारी घंटी ठेवावी लागते.