दिंडीच्या टेम्पोवर सौर दिवे



गेल्या वारीत आमच्या दिंडीच्या टेम्पोतले दिवे रात्रभर गाडीच्याच बॅटरीवर जळले. पहाटे स्टार्टर फिरेना. माणसे पुढच्या मुक्कामाला, शिधा-भांडी मागेच! म्हणून दिव्यांची बॅटरी वेगळी ठेवा.

आधी खर्च मांडा, पॅनेल मग. 9 वॅटचे 4 दिवे 5 तास, म्हणजे 180 वॅट-तास. दहा मोबाइलांचे 150 धरा. झाले 330. बारा व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी 1,200 साठवते. पण निम्म्याखाली उतरवत गेलात तर लवकर मरते. हाती राहिले 600. एखादा ढगाळ दिवस निभेल.

दुकानदार 100 वॅटचे पॅनेल पुरे म्हणेल. चैत्रात पुरेलही! आषाढात दिवसाला दोनच तास भर उन्हाइतकी वीज धरा, शिवाय थोडी गळती. 250 वॅटचे घ्या. टपावर बोल्टाने बसवा, दोरीने नव्हे. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच लावा. वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूज जाईल, टेम्पो पेटणार नाही. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा ती हवेशीर जागी, शेगडीपासून लांब ठेवा.