ही वाट कुणी पाडली?

पाऊस सरत आला की आपल्या डांगाणात शहरातली माणसं येतात. शनिवार उजाडला की शेंडीच्या नाक्यावर गाड्यांची रांग. पाठीवर पिशव्या, पायात जाड बूट. कुणी रंधा धबधबा बघून माघारी जातं. कुणी धरण ओलांडून रतनवाडीला उतरतं, अमृतेश्वराचं देऊळ बघतं, शिड्या चढून रतनगडावर जातं आणि नेढ्यात बसून वारा खातं. त्यातले जे तगडे ते पुढं कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठतात.

परवा राजूरच्या बाजारातून आणलेल्या मिठाच्या पुड्याला शहरातल्या एका पेपरची रविवारची पुरवणी होती. तिच्यात याच वाटेवर पानभर मजकूर. धुकं होतं, तलाव होता, धबधबे मोजून लिहिले होते. माणूस मात्र एकच, चहा देणारी म्हातारी, आणि तिला नाव नव्हतं. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की ही वाट निर्मनुष्य आहे आणि हे जंगल माणसाचा हात न लागलेलं आहे. आम्ही तो कागद बैठकीत वाचून दाखवला. मागं बसलेले एक बाबा म्हणाले, "मानूसच न्हाय तं वाट कुनी पाडली? बिबट्यानी?"

सगळे हसले. पण बाबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

रतनवाडीहून कुमशेतला जाणारी वाट कुठल्या खात्यानं बांधलेली नाही. तिचं टेंडर निघालेलं नाही. हिरडा वेचायला जाणाऱ्या बायांनी ती पाडली. गुरामागं फिरणाऱ्या पोरांनी पाडली. लग्नाच्या वऱ्हाडानं, मयताला जाणाऱ्या सोयऱ्यांनी, डोक्यावर नाचणी-वरई घेऊन बाजाराला निघालेल्या माणसांनी पाडली. ओढा कुठं ओलांडायचा, पावसात कुठला दगड निसरडा, उन्हाळ्यात कुठल्या झऱ्याला पाणी राहतं, हे आपल्या म्हाताऱ्यांनी पायानं शोधलं. आज पाहुणे बिनघोर चालतात ते त्या पायांच्या जोरावर.

आणि ज्याचे ते फोटो काढतात तो तलाव? नकाशावर त्याला आर्थर लेक म्हणतात, बंधाऱ्याला विल्सन डॅम. दोन्ही नावं साहेबांची. १९२६ साली ते धरण पुरं झालं. अकरा टीएमसी पाणी त्यात मावतं. त्या पाण्याखाली आपल्या पणज्यांची भाताची खाचरं आहेत. ते वर डोंगराच्या अंगाला सरकले आणि पाणी प्रवरेनं खाली उसाला गेलं. बंधाऱ्यापाशी जो छत्रीसारखा धबधबा बघायला गर्दी होते, तो डोंगराचा धबधबा नाही. धरणातून पाणी सोडलं की तो पडतो, बंद केलं की थांबतो. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तरी चैत्र-वैशाखात वरच्या वाड्यांतल्या बाया झिऱ्यापाशी वाटीनं हंडा भरतात. त्या वेळी डोंगर बघायला कुणी येत नाही.

गडाचंही तसंच. पाहुण्यांना गडाची टाकी माहीत, दरवाजे माहीत. पण इंग्रजांनी किल्ले घेतले आणि त्यावर राखण करणाऱ्या कोळ्यांची चाकरी गेली, ते माहीत नाही. याच डांगाणातला देवगावचा राघोजी भांगरे सावकार आणि सरकार दोघांच्या विरोधात उठला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला, ते माहीत नाही. त्यांना माहीत नाही याचा आम्हाला राग नाही. आपल्याच पोरांच्या पुस्तकात ते नाही, तर त्यांच्या कुठून असणार?

राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. १९८६ साली सरकारनं या डोंगराला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य केलं. अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. तो आम्ही शब्द लावून लावून वाचला. कलम २७ सांगतं की अभयारण्यात कुणी जायचं. कामावरचा सरकारी नोकर, आत राहायची परवानगी असलेला, आत ज्याचा जमीनजुमल्यावर हक्क आहे तो, त्यांच्यावर अवलंबून असलेली घरची माणसं, आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणारा. बाकीच्यांनी परवाना घ्यायचा. आता आपली गत बघा. आज्यापासून जमीन कसतो, पण सातबारा जंगलखात्याच्या नावे. म्हणजे हक्क कागदावर नाही. आपली वाट शंभर वर्षांची, पण कागदावर ती रस्ता नाही.

पुढं कलम २८. परवाना कशासाठी मिळतो? वन्यप्राण्यांचा अभ्यास, फोटो, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्याशी कायदेशीर धंदा. या यादीत हिरडा नाही. सरपण नाही. राबाला लागणारी पानं-फांद्या नाहीत. कुडाची कारवी नाही. हौसेनं चालायला परवान्याची सोय आहे, पोटासाठी चालायला नाही. वर गंमत अशी की हिरडा विकत घ्यायला सरकारचंच आदिवासी विकास महामंडळ आहे. एक सरकार आपल्याकडून हिरडा घेतं, दुसरं हिरडा आणणारीला वाटेत अडवतं.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. मागल्या श्रावणात आमच्यातल्या एका कार्यकर्त्याच्या वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या. गाडीरस्ता ओढ्यानं तोडलेला. पोरांनी एक ओली दांडी तोडली, गोधडीची झोळी केली आणि चौघं चौघं खांदा बदलत त्याच वाटेनं निघालो. ओढ्यापाशी शहरातली एक टोळी उतरून बसली होती. खरं ते लिहिलं पाहिजे: त्यांनी वाट सोडली, एकानं आपली बॅटरी दिली, एका बाईनं वहिनीच्या अंगावर आपला रेनकोट घातला. एकानं फोटो काढला, त्याला त्याच्याच माणसांनी दटावलं. वहिनी वाचली, पोरगी झाली.

दुसऱ्या दिवशी तीच झोळी, तीच दांडी घेऊन परत येताना एका गार्डानं अडवलं. दांडी ओली आहे, जंगलातली आहे, गुन्हा आहे. बाळंतिणीला न्यायला तोडली म्हटलं तर म्हणाला, "कारण कुणाला विचारलंय?" दांडी ठेवून घेतली, पैसे घेतले, पावती दिली नाही. आणि आमच्या डोळ्यांदेखत तीच बूटवाली टोळी हात हलवत बाजूनं गेली. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारावं असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की एकाच वाटेवर दोन माणसं चालतात, तर एक पाहुणा आणि एक चोर कसा? आणि चोर तो, ज्यानं वाट पाडली?

काही जण म्हणतात, तुम्ही पर्यटनाच्या विरोधात आहात, पोरांच्या तोंडचा घास काढता. नाही. डोंगर कुणालाही आवडावा असाच आहे. आम्हालाही आवडतो. कारवी फुलते तेव्हा आम्हीही उभं राहून बघतो. पाहुण्यांना जेवू घालून, वाट दाखवून दोन पैसे मिळत असतील तर जरूर मिळवावेत. पण तरुण पोरांनो, एक ध्यानात ठेवा. ज्या डोंगरावर आपला हक्क नोंदलेला नाही तिथं आज वाटाड्या म्हणून बोलावतील, उद्या अतिक्रमण म्हणून उठवतील. जमीन नावावर असलेला वाटाड्या घरमालक असतो. जमीन नसलेला वाटाड्या हमाल असतो. आधी हक्क, मग पाहुणचार.

आणि जंगल आम्ही संपवलं म्हणता, तर उत्तर द्या. इथं शेकरू आहे, बिबट्या आहे, देवराया उभ्या आहेत. हे सगळं राखलेलं होतं म्हणूनच १९८६ ला अभयारण्य करण्यासारखं सापडलं ना? त्याच्या आधी इथं राहत कोण होतं?

आपल्या मागण्या अशा:

१) त्याच कायद्यात कलम २१ आहे. गावोगाव लोकांच्या भाषेत जाहीर करायचं, दोन महिने मुदत देऊन हक्काचे दावे मागवायचे. ही दवंडी आपापल्या गावात कधी झाली, कुणी ऐकली, हे प्रत्येक गावानं लिहून द्यावं. जिथं झाली नाही तिथं ती आता व्हावी आणि चौकशी गावसभेत व्हावी, कचेरीत नाही.

२) कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी. कागद नसेल तिथं म्हाताऱ्यांची साक्ष धरावी. बांध, आंब्याचं झाड, थडगं, हाही पुरावा आहे.

३) हिरडा, सरपण, राब, चराई, पाणी आणि वाट, या सगळ्यांची हक्क म्हणून नोंद व्हावी. मेहेरबानी म्हणून नको.

४) आजारी माणूस, बाळंतीण नेणाऱ्याला कुणी अडवू नये. पावतीशिवाय एक पैसा कुणी देऊ नये.

५) पाहुण्यांकडून कर घेणार असाल तर त्यातून आधी वरच्या वाड्यांना उन्हाळ्याचं पाणी द्यावं. कसं, ते गावसभा ठरवील.

पुढच्या बाजाराच्या दिवशी राजूरला सगळ्यांनी यावं. भाकर बांधून या. घरात जुनी दंडाची चिठ्ठी, पट्टीची पावती, आज्याच्या नावाचा कसलाही कागद असेल तर तो प्लॅस्टिकात गुंडाळून आणा. नसेल तर म्हाताऱ्यांना घेऊन या. बाया आल्याच पाहिजेत, कारण ही वाट सगळ्यात जास्त त्याच चालल्यात.

आणि शहरातल्या भावा-बहिणींनो, हा कागद तुमच्या हाती पडला तर तुम्हालाही सांगणं आहे. खुशाल या. पण परत जाऊन लिहाल तेव्हा वाट निर्मनुष्य होती असं लिहू नका. चहा देणाऱ्या म्हातारीचं नाव विचारा. ती सांगेल. मग तिची जमीन कुणाच्या नावावर आहे, तेही विचारा.

वाट आमची, जंगल आमचं, सातबाराही आमचाच झाला पाहिजे!